बहिरू पारध्याचा पत्ता

(नाशिक, २००३. सरकारी दवाखान्यात टीबीच्या गोळ्यांची खिडकी. आत क्लार्क आणि प्रतिभा सिस्टर, बाहेर शकुबाई.)

शकुबाई — आसं कसं नाव कापलं साहेब? माझा भाऊ जिता हाय. त्यो काय, भिंतीला टेकून बसलाय.

क्लार्क — बहिरू पारधी ना? 'रुग्णाने स्वतःहून औषध सोडले.' तीन आठवडे फिरकला नाही.

शकुबाई — स्वतःहून? पोलिसांनी नेला त्याला. पिंपळगावला कोल्ड स्टोरेजात चोरी झाली आन् उचलला आमच्या पालावरनं.

क्लार्क — काहीतरी केलं असेल.

शकुबाई — खोकत व्हता. चोरी करायला दम लागतो, साहेब. काय सापडलं नाय म्हणून काल सोडला.

क्लार्क — मग कोठडीत गोळ्या मागायच्या.

शकुबाई — मागितल्या की. शिपाई म्हणला, पारध्याला कसला टीबी, नाटकं हायत.

क्लार्क — आता नव्यानं नाव घालायचं तर पत्ता लागेल. आमचा माणूस घर बघून येतो, मगच औषध. मागं काय लिहून दिलंस? 'बागेमागचं लिंबाचं झाड.' हा पत्ता झाला? माणूस गेला तर तिथं कुणी नाही.

शकुबाई — पालं पोलिसांनीच उठवली. झाड तरी हाय ना?

क्लार्क — जीभ फार चालते गं तुझी. तुम्हा लोकांना घर नकोच असतं.

शकुबाई — तीनदा जागा मागितली. सरपंच म्हणला, गावात पारधी नको. तुमी म्हणता, घर नाय तर गोळी नाय. लय हुशारीनं बसवलंय समद्यांनी.

प्रतिभा सिस्टर — साहेब, दोन महिने नेमानं येत होता तो. आत्ता अर्धवट सुटलं तर पुढं ही औषधंच लागू पडायची नाहीत.

क्लार्क — नियम मी केलेत का?

प्रतिभा सिस्टर — आणा तो फॉर्म. माझा पत्ता घालते. द्वारका चौकाजवळची सोसायटी, बी विंग, आठ नंबर.

क्लार्क — घाला की. आपला माणूस तपासायला येईल. खाली वॉचमनला विचारेल, इथं पारधी कुठं राहतो. संध्याकाळपर्यंत जिन्याजिन्यात चर्चा होईल.

शकुबाई — लिवा सिस्टर. ब-हि-रू.

क्लार्क — लिहा, लिहा.

शकुबाई — का हो, पेन थांबला?

प्रतिभा सिस्टर — घरात लग्नाची नणंद आहे, शकुबाई. लोक काहीबाही बोलतात गं.

शकुबाई — ऱ्हाऊ द्या, सिस्टर. नुसता कागदावरच राहणार व्हता त्यो.