सात मिनिटं मागे

छे हो, महाग म्हणून नाही नको म्हणत. बसा ना. सर्व्हरच्या खोलीत गारठा असतोच, ती खुर्ची इकडे ओढा. मला एवढंच सांगा, तुमचं हे वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर घड्याळ हळूहळू सरकवतं, की एकदम जागेवर आणतं? म्हणजे आमचं वॉर्डचं मशीन सात मिनिटं मागे आहे – ते कधी बरोबर होणार? लगेच? मग नको. काल एक जण आले होते, त्यांचंही लगेच. मला सावकाश हवंय, अगदी गोगलगाय. हसताय? हसा. बरोबर घड्याळ नको म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असेल.

बरं, दाखवा डेमो, जोडा लॅपटॉप – पासवर्ड मी टाकतो – पण नुसतं बघायचं हं. काय आहे, इस्पितळाचं काम. डॉक्टर इंजेक्शन लिहून देतात ते एका मशीनवर, नर्स दिल्याची नोंद करते ती वॉर्डच्या मशीनवर, आणि हे वॉर्डचं पडलंय मागे. मग झालं काय, एका नर्सनं डॉक्टरांनी सांगितल्यावरच इंजेक्शन दिलं, पण नोंदीत दिसतंय – आधीच दिलं. पेशंटला त्रास झाला आणि सगळे तिच्यावर तुटून पडले. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणे कधी सांगितलं ते आठवत नाही. आठवेल कसं? अंगाशी येणारं कुणाला आठवतं? तिला घरी बसवलंय. रोज सकाळी युनिफॉर्मला इस्त्री करते आणि घडी घालून परत कपाटात ठेवते. मला कसं माहीत? अहो, माझ्याकडेच राहते ना ती... हो, बहीण. धाकटी. सांगायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. कुठे बोलू नका, नाहीतर म्हणतील भावानंच घड्याळ मागे केलं.

मागे पडलेल्या घड्याळाचा फोटो? काढला की. चौकशी समितीच्या बाई म्हणाल्या, फोटो काय, कसाही काढता येतो. उद्या आम्ही येतो तेव्हा डोळ्यांदेखत दाखवा. आणि आमचे मोठे साहेब म्हणतात, समिती यायच्या आत सगळी घड्याळं जुळली पाहिजेत, इस्पितळाच्या अब्रूचा प्रश्न आहे. मी कुणाचं ऐकू? साहेबांना नाही म्हटलं तर माझी नोकरी, हो म्हटलं तर तिची. म्हणून नुसता निवडत बसलोय – याचं अवघड, त्याचं जुनाट, तिसऱ्याची माणसं फोन उचलत नाहीत. नाटक हो सगळं. तुम्हालाही चहा पाजून परत पाठवणार होतो. उद्यापर्यंत मागेच राहू दे ते, बास. हे बघा ना स्क्रीनवर, डावीकडे वॉर्डचं घड्याळ, उजवीकडे डॉक्टरांचं –

थांबा. हे दोन्हीकडे एकच वेळ कशी दाखवतंय?

तुम्ही काही दाबलंत? आपोआप. चालू झालं की आपोआप जुळवतं. अच्छा.

नाही, तुमची काय चूक, पासवर्ड मीच टाकला. सात मिनिटं सरकवल्याची नोंद राहते म्हणता? राहत असेल. ती काढून देणार मीच ना – भावाच्या हातचा कागद. परत मागे करू? मी?

मग खरंच भावानं केलं असं होईल.

वायर काढा ती. निघा तुम्ही. आणि जाताना दार नीट ओढून घ्या, गारवा बाहेर जातो.