आकाशपाळण्याची रांग

आई : ठमीचा डावा अंगठा बघ. एरवी बिथरली की घासत बसते, पण मी आल्यापासून एकदाही बोटावर घासला नाहीये. चार मिनिटं झाली.

बाबा : तू आधी दम खा. गाडीपासून धावत आलीस ना?

आई : धावत नाही, भरभर. तिचे आवाज अडवायचे हेडफोन गाडीत सीटखाली घसरले होते. पस्तीस मिनिटं गेली. म्हटलं, एव्हाना इथे ठमीने आकाशपाताळ एक केलं असेल.

बाबा : केलं होतं. सुरुवातीची सहा मिनिटं.

आई : काय झालं?

बाबा : फाटकावरच्या बाई भल्या. ठमीच्या गळ्यातलं स्वमग्नतेचं कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, लेकराला रांगेत कशाला उभं करता, या बाजूच्या दारातून थेट पाळण्यात बसा. झालं! हिने तिथेच फतकल मारली. किंकाळी अशी, की वरच्या पाळण्यातले लोक वाकून बघायला लागले.

आई : थेट? पण तिच्या चित्रांच्या पट्टीवर आधी रांग आहे, मग पाळणा.

बाबा : तेच तर! तीन आठवडे हॉलमध्ये खुर्च्या मांडून तूच आम्हाला रांगेत उभं केलंस. टायमर वाजला की एक खुर्ची पुढे. आता कुणी आयती सूट दिली, तर हिला तो घोटाळाच वाटणार.

आई : सूट मिळेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाकी सगळं धरलं होतं. आवाज, ऊन, धक्के... मग तू काय केलंस?

बाबा : मीही फतकल मारली, तिच्या शेजारी. जरा वेळाने पट्टीवरच्या रांगेच्या चित्रावर बोट ठेवलं. उठली. मग आम्ही दोघं मानाने जाऊन सगळ्यांच्या शेवटी उभे राहिलो.

ठमी : सव्विसावे होतो. आता चौथे.

बाबा : चौथे, बाईसाहेब. पुढच्या आजोबांनाही शिस्त लावलीय हिने. ‘दोन फरशा मोकळ्या आहेत, सरका.’ सरकले बिचारे.

आई : मला फोन का नाही केलास?

बाबा : हातात घेतला होता. मग मागचं आठवलं.

आई : मी दाढ काढायला गेले होते, ते? तासाभरात नऊ फोन.

बाबा : आणि तू सुजलेलं तोंड घेऊन तशीच परत आलीस. त्यानंतर तिला माझ्यावर कधी सोडलंच नाहीस. मीही सोड म्हणालो नाही. सोयीचं होतं मला.

आई : हे तू आज पहिल्यांदा बोलतोयस.

बाबा : प्रयोगशाळेच्या बाईंचं, तुला कामावर बोलावणारं पत्र अजून पर्समध्येच फिरतंय ना?

आई : उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. नंतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

बाबा : तीन वर्षं तुझं ‘अजून एक महिना’ चाललंय.

आई : एका रांगेवरून निष्कर्ष काढायचा नसतो.

बाबा : नको काढूस. नोंद तरी कर.

ठमी : आई, तू आमच्याबरोबर रांगेत नव्हतीस. मध्ये घुसलीस.

आई : अगं, मी तुझी आई आहे!

ठमी : तरी शेवटी. नाहीतर बाहेर.

बाबा : बघ बाई, मी काही मध्ये पडत नाही.

आई : जाते, जाते. आणि हे हेडफोन?

ठमी : दे. गळ्यात. कानावर नाही.

(आई कठड्याखालून वाकून बाहेर जाते.)

बाबा : काय म्हणतेय बाहेरची हवा?

आई : बरी आहे. सावली आहे इथे. हसू नकोस, पुढे बघ, आजोबा बसलेसुद्धा.

ठमी : आता आपण पहिले. बाबा, उजवा पाय आधी.

बाबा : उजवा तर उजवा. अगं, दार लावतायत. राहशील ना एकटी?

आई : मी? अरे, ऐक. उद्या कशाला, आत्ताच कळवते बाईंना. एक तारखेपासून मी कामावर जातेय.