पहिल्या सभेच्या अकरा कुप्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संस्थापक सदस्य, पाहुणे मंडळी आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या संशोधक मॅडम,

आपल्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र परिषदेचा इतिहास थोडक्यात सांग, असा हुकूम आहे. कॉलेज अर्ध्यावर सोडून इथे नोंदी ठेवणाऱ्याने इतिहास तो काय सांगायचा? पण ऐका.

पहिली सभा एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरली. अकरा माणसं, तीही अध्यक्ष कोण यावरून तासभर भांडली. शेवटी एक डॉक्टर वैतागून म्हणाले, "अहो, आधी रक्त द्या, मग मान मागा." तेव्हापासून दर वार्षिक सभेत चहाआधी बाह्या वर करायचा रिवाज पडला. पन्नास वर्षांच्या त्या रक्तातलं सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, कुप्यांत भरून तळमजल्यावर गोठवून ठेवलंय. वयाबरोबर माणसाची प्रतिकारशक्ती कशी उतरते, हे त्यातून शोधायला मॅडम चार वर्षं राबल्या.

निकाल उलटाच आला. पंचविशीतल्या संस्थापकांपेक्षा पंचाहत्तरीतले तेच संस्थापक ठणठणीत! मॅडमनी निबंध वाचला तेव्हा सभागृह हसलं. "बाईंनी कुप्यांची अदलाबदल केली वाटतं," असंही कुणी म्हणालं. निबंध मागे घ्यावा लागला, मॅडमनी राजीनामा दिला, आणि आज आपण पुष्पगुच्छ देतोय.

अध्यक्ष महोदय, घड्याळ दाखवू नका, हे बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी पहिल्या सभेच्या कुप्यांचा फोटो हवा होता. बर्फामुळे नावं दिसेनात, म्हणून मी त्या दुपारभर खिडकीत ठेवल्या. फोटो झकास आला. मुखपृष्ठ आहे ते, आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. मग कुप्या परत गोठवल्या. सीरमातली रोगाशी लढणारी नाजूक प्रथिनं त्या उन्हातच संपली. हे मला निकालानंतर कळलं.

मॅडमनी जिन्यात मला विचारलं होतं, "तडतड्या, त्या कुप्या कुणी बाहेर काढल्या होत्या का रे?" मी म्हणालो, "छे." का? खरं सांगितलं असतं तर त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नसत्या. एवढंच कारण. एवढ्यासाठी मी त्यांचं नाव बुडू दिलं.

दुसऱ्या सभेपासूनच्या कुप्या शाबूत आहेत. त्या तपासा. राजीनामा हवाच तर माझा घ्या, खिशात आहे. मॅडम, तुमची गाडी सहाची. जाऊ नका म्हणायचा हक्क मी घालवलाय.

तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या तोंडून कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. पण चूक मॅडमची नव्हती, हे माझ्या तोंडून पुरेसं नाही. अध्यक्ष महोदय, हा माईक घ्या.