आमिषाचा ससाणा

दैर अझ-झोर शहरातल्या इस्पितळात, डोळ्यांच्या खोलीबाहेर खौला आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. शेजारी दोन म्हातारे. एकाच्या अंगरख्यात काहीतरी फडफडलं.

“अबू दहाम, इथंपण पाखरू घेऊन आलास?”

“आमिषाचा ससाणा आहे. याच्या पायाला पिसांचा पुंजका बांधायचा, त्यात फास लावायचे. मोठ्या ससाण्याला वाटतं, यानं शिकार पकडलीय. तो हिसकायला येतो न् अडकतो.”

“अरे, पण याच्या पापण्या शिवल्यात!”

“शिवाव्याच लागतात. मोठा दिसला की हा घाबरून खाली बसतो. दिसलंच नाही तर दोरीच्या बेतानं उडत राहतो बिचारा.”

“कुणी शिवल्या?”

“मीच. दुसरं कोण?”

“आणि त्या दिवशी पोराचं कसं झालं रे?”

“मोठा अडकला, पण फासासकट उडाला. दहाम मागं धावला. नजर वर आभाळात, सुरुंग पायाखाली.”

“अल्ला रहम करो.”

“आज पट्टी काढतायत. नवस बोललोय, पोरानं डोळे उघडले की याचे टाके कापीन.”

“म्हणून मला कात्री आणायला सांगितलीस होय! शिंप्याची दोस्ती कामाला आली म्हण की.”

दार उघडून नर्स बाहेर आली.

“दहामचे वडील कोण? आत या. पट्टी काढलीय.”

“काय म्हणतोय तो, बेटी?”

“विचारतोय, पट्टी कधी काढणार?”

खौलानं मान खाली घातली.

“अबू दहाम... थांब, मी येतो बरोबर.”

“नको. हा धर. याचे तरी काप.”