काविळीबद्दलच्या सत्काराला उत्तर

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या रहिवासी संघाचे अध्यक्ष आणि एके काळचे माझे मुख्याध्यापक; प्रमुख पाहुणे, शहरातले नामवंत दंतवैद्य डॉक्टरसाहेब; आत्ताच माझा परिचय करून देणारे संघाचे सचिव; व्यासपीठावरचे इतर मान्यवर; समोर बसलेले इमारतीतले सगळे काका-काकू, माझे आईबाबा, दादा आणि वहिनी, सर्वांना नमस्कार.

भूगर्भशास्त्रात विद्यापीठात पहिली आले म्हणून आपण माझा सत्कार केलात. पुष्पगुच्छ दिलात, हे भलतंच जड स्मृतिचिन्ह दिलंत. मी आभारी आहे. सचिवकाकांनी परिचय तर असा करून दिला, की क्षणभर मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी व्यासपीठावर बोलावताहेत. त्यातलं एक वाक्य मी लक्षात ठेवलंय. "ऐन परीक्षेच्या वर्षात काविळीनं अंथरुणाला खिळलेली ही मुलगी जिद्दीनं उठली आणि पहिली आली." या वाक्याला आपण सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्यात.

त्या टाळ्या मला घेता येत नाहीत. मला कावीळ झालीच नव्हती.

सचिवकाका, तुमचा दोष नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते तुम्ही बोललात. पुढच्या रांगेत माझी आई बसली आहे. आभार मान आणि खाली ये, असं ती मला मघापासून डोळ्यांनी खुणावते आहे. आई, येते. थोडा वेळ लागेल.

झालं असं, की एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझी प्रयोगशाळा सुटली. कुणी काढलं नाही हो, मलाच आत पाऊल टाकता येईना. दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि त्यातली खनिजं ओळखत बसायचं, हे माझं जिवापाड आवडतं काम. पण सकाळी आवरून मी विभागाच्या इमारतीपर्यंत जायची आणि जिन्यात बसून राहायची. दुपारी उठून परत वसतिगृहात. पुढे आवरणं थांबलं. मग उठणंही थांबलं. रडत होते का? नाही. रडले असते तर निदान भिंतीपलीकडे कुणाला तरी ऐकू गेलं असतं. मी नुसती पडून असायची आणि छताचा रंग कुठे कुठे पोपडलाय ते बघायची.

हे आमच्या विभागप्रमुखांच्या कानावर गेलं. विभागप्रमुख मोठा माणूस. त्यांनी मला बोलावून घेतलं, बस म्हणाले नाहीत, आणि सांगितलं, "भूगर्भशास्त्रवाल्यांना मन वगैरे परवडत नाही. डोंगर चढा. आमच्या वेळी आम्ही डोंगर चढायचो." मला एक मजला चढवत नव्हता आणि हे मला डोंगर दाखवत होते. शिवाय वर म्हणाले, की विभागाचं दार सगळ्यांना सदैव उघडं असतं. मी बाहेर पडल्यावर त्यांनी ते लावून घेतलं.

मला उचललं ते माझ्या रूममेटनं. तिला सगळं वसतिगृह हवालदार म्हणायचं, आणि उगाच म्हणत नव्हतं. एका सकाळी तिनं माझं पांघरूण ओढलं आणि चपला पलंगाशी आणून ठेवल्या.

"कुठे जायचंय?"

"समुपदेशन केंद्रात."

"मला काही झालेलं नाही."

"बरं. मग तेच तिथे जाऊन सांग. चल."

आता हे केंद्र कसं असेल, असं आपल्याला वाटतं? विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत त्याचं रंगीत चित्र आहे. हिरवळ, झाडाखाली खिदळणारी मुलं, आणि सगळ्यांचे दात डॉक्टरसाहेबांना आवडतील असे. प्रत्यक्षात ते ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला, झेरॉक्सच्या खोलीला लागून, प्लायवूडच्या आडोशापलीकडे होतं. बाहेर तीन खुर्च्या, त्याही अशा मांडलेल्या की झेरॉक्सला येणाऱ्या प्रत्येकाला बसलेल्याचं तोंड नीट दिसावं. ज्या कुणी समितीनं ही जागा पसंत केली, तिच्यातल्या एकाही सभासदाला तिथे बसायची वेळ आली नसणार. मुलांनी त्यावर तोड काढली होती. प्रत्येक जण हातात एखादा कागद धरून बसायचा. कुणी ओळखीचं दिसलंच, तर झेरॉक्स काढायला आलोय. मीही बॅगेतून बसचं जुनं वेळापत्रक काढून हातात धरलं. उद्याचे वकील, उद्याचे अभियंते, उद्याच्या प्राध्यापक, असे ओळीनं कागद धरून बसलेलो. दुकानात चोरी करताना सापडलेली माणसंसुद्धा याहून ताठ बसत असतील.

आतल्या बाईंना कायम सर्दी. नाक पुसत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शेजारच्या मशीनचा आवाज येतो, चालेल ना?" मी मान हलवली. दुसरा प्रश्न, "पोटभर कधी जेवलीस शेवटचं?" मला आठवेना. त्यावर त्यांनी धीर दिला नाही, सुविचार ऐकवला नाही, की स्वतःच्या तरुणपणी त्या काय चढायच्या ते सांगितलं नाही. त्या थांबल्या. मी बोलेपर्यंत थांबल्या. मग मी बोलायला लागले ते जिन्याबद्दल. त्या जिन्याची तिसरी पायरी कशी खचलीये, कठडा कसा थंडगार असतो, हेच सांगत राहिले. त्यांनी ते महत्त्वाचं काहीतरी चाललंय अशा चेहऱ्यानं ऐकलं.

उठताना मी विचारलं, "मॅडम, मला वेड लागतंय का?"

त्या म्हणाल्या, "नाही. पण काही झालेलं नाही, असंही मी म्हणणार नाही. मला हे नैराश्य वाटतंय. तो आजार आहे. डॉक्टर तपासतील, लागलं तर औषध देतील, आणि बोलायला तू माझ्याकडे यायचंस. यातून माणसं बरी होतात. वेळ मात्र लागतो."

डॉक्टरांनीही तेच निदान केलं. आजारपणासाठी एक सत्र सोडता येतं, जागा जात नाही, असा विद्यापीठाचाच नियम आहे, हेही मला या बाईंकडून कळलं. विभागप्रमुखांना सही द्यावी लागली. दिली त्यांनी. कागद फाटेल इतकं पेन दाबून दिली.

दादा मला घरी घेऊन आला. आई जिन्यात वाट बघत उभी होती, बाबा तिच्या शेजारी. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू खाली उतरल्या. काकू तिसऱ्या रांगेत आहेत, त्यांना नमस्कार. काकूंनी विचारलं, "अगं बाई, ही केवढी वाळली! झालं तरी काय?" आणि आई म्हणाली, "कावीळ."

तिनं ते ठरवलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोलली. काकूंनी तिथल्या तिथे माझी पापणी खाली ओढली, डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "पिवळेजर्द झालेत गं." माझ्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांच्या डोळ्यांत बघण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी माझ्या पांढऱ्याशुभ्र डोळ्यांकडे एकदा बघितलं आणि माझी बॅग उचलून आत नेली.

त्यानंतर आपण सगळ्यांनी माझी जी काळजी घेतलीत, ती मी विसरणार नाही. प्रत्येकाच्या घरात एक मामा निघाला, ज्याला कावीळ झाली होती. प्रत्येक मामाचं पथ्य वेगळं. औषधांनी माझ्या तोंडाला नुकती कुठे चव येत होती, आणि माझ्या ताटात उकडलेल्या, तेल न लावलेल्या भाज्या. कुणी भेटायला आलं, की आई माझ्या हातातले तळलेले बटाट्याचे काप उशीमागे सारायची. एक काका रोज विचारायचे, "आता यकृत काय म्हणतंय?" यकृत मजेत होतं, काका. तुम्ही भलत्याच अवयवाची चौकशी करत होतात.

आणि खरं सांगितलं असतं, तर आला असतात का इतके जण? समोरच्या इमारतीतलं कुणीतरी मनाच्या डॉक्टरांकडे जातं असं कळलं, तेव्हा आपल्या लिफ्टमध्ये काय चर्चा झाली होती? "त्यांच्या घराण्यातच असणार." "मुलांना तिकडे खेळायला पाठवू नका." बोलणाऱ्या बाया त्याच लिफ्टमधून भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या, आणि मागे माझी आई उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. म्हणून कावीळ. माझी आई खोटारडी नाही. तिनं फक्त तुम्हाला ओळखलं होतं.

डॉक्टरसाहेब, आपल्या दवाखान्याची पाटी चौकाच्या पलीकडून दिसते. आपल्याकडे माणसं गाल धरून भर रस्त्यानं येतात. बसचं वेळापत्रक हातात धरून कुणी येतं का? हेवा वाटतो मला आपल्या पेशंटांचा.

घरी असताना समुपदेशन केंद्रातल्या बाई माझ्याशी फोनवर बोलायच्या. घरात ते शक्य नव्हतं, कारण घरात सतत कुणी ना कुणी पथ्य सांगायला बसलेलं. मग बाबांनी मला दुकानात न्यायला सुरुवात केली. मागे डोळे तपासायची अंधारी खोली आहे. मी आत बसून बोलायची, समोर अक्षरांचा तक्ता. बाहेर गिऱ्हाईक आलं, की बाबा म्हणायचे, "थांबावं लागेल, आत तपासणी चालू आहे." इतक्या दिवसांत माझ्या आजाराबद्दल याच्या पलीकडे ते एक शब्द बोलले नव्हते.

एक दिवस मी आतून बाहेर आले, तर एक बाई काउंटरशी उभ्या होत्या. या इमारतीतल्या नव्हेत, तेव्हा कृपा करून माना वळवू नका. मला पाहून त्या बाबांना म्हणाल्या, "हिची कावीळ उतरलेली दिसते. कोणत्या डॉक्टरांचा गुण आला? आमची मुलगीही कॉलेजमधून आलीये, खोलीबाहेर पडत नाही, जेवत नाही, आंघोळीला उठत नाही. मला वाटतं कावीळच. रक्त तपासलं, त्यात काही निघत नाही."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी हातातली फ्रेम पुसली, ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाले, "हिला कावीळ नव्हती."

"मग?"

"मनाचा आजार होता. विद्यापीठात एक बाई आहेत, त्यांच्यामुळे बरी होतेय. मुलीला विचारा तुमच्या. रक्तात नाही सापडायचं ते."

त्या बाईंचा चेहरा बदलला. "आमच्याकडे तसलं काही नाही हो," असं म्हणून चष्मा न घेताच निघून गेल्या. बाबा म्हणाले, "गेलं गिऱ्हाईक." आणि मला म्हणाले, "जाऊ दे. भूक लागलीय का तुला?" पुढच्या आठवड्यात त्या बाई पुन्हा आल्या. चष्मा घेतला. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "जाते ती आता. मी सोबत जाते आणि बाहेर बसते." तेवढंच.

त्या दिवशी मी आईला म्हटलं, आता पुरे. आई म्हणाली, "दादाचं लग्न जमतंय. तेवढं होऊ दे." लग्न झालं. मग म्हणाली, "सून नवी आहे, तिला रुळू दे." ही रुळलेली सून मला एका दुपारी म्हणाली, "ते काविळीचं माझ्यासमोर कशाला करता? मी पण कॉलेजात असताना जायचे समुपदेशकाकडे. आमच्या घरी त्याला मायग्रेन म्हणायचे." हे इथे सांगायची परवानगी तिची आहे. दादा, तू असा बघू नकोस, तुझं डोकं दुखेल.

मग आई म्हणाली, "निकाल लागू दे." निकाल लागला. काल विचारलं, तर म्हणाली, "सत्कार होऊ दे." तो आत्ता झाला.

म्हणून बोलले. या सभागृहात पुढच्या वर्षी कॉलेजला जाणारी मुलं बसली आहेत. त्यांच्यातल्या कुणाला उद्या उठवेनासं झालं, तर त्याच्या घरचे माझं उदाहरण देतील, की बघ, ती काविळीतून उठून पहिली आली. आणि ते पोर पडल्या पडल्या विचार करेल, की मला तर साधी कावीळही नाही, मग मी का उठत नाही? असलं उदाहरण व्हायला मी तयार नाही. मी जिद्दीनं उठले नाही. हवालदारणीनं पांघरूण ओढलं म्हणून उठले, आणि मदत मिळत गेली म्हणून उभी राहिले.

काय, आई?

माफ करा. आई काहीतरी म्हणते आहे.

ती म्हणते आहे, की मागच्या रांगेत ऐकू जात नाहीये, माइक जवळ घे.

बरं. घेते.

मागच्या रांगेसाठी पुन्हा सांगते. मला नैराश्याचा आजार झाला होता. मी विद्यापीठात समुपदेशकांकडे जात होते, औषधही घेत होते. अजून महिन्यातून एकदा जाते, आणि पुढेही लागलं तर जाईन.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे पाहिलंत तरी घंटी वाजवली नाहीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. संघाचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा अपमान झाला असेल, तर बराचसा तो जाणूनबुजूनच केलेला आहे. ज्यांचा चुकून झाला असेल, तेवढ्यांनी मला मोठ्या मनानं क्षमा करावी. नमस्कार.