कडी पडल्याचा आवाज

दीप्ती : पाय लांबच ठेव, आता वर ओढ. साडीवरनंच.

सुगंधा : नाय येत गो. बोट सरकतं. कसली ही बुळबुळीत कडी करून आणलीस?

दीप्ती : बुळबुळीत काय, फिनिशिंग आहे ते! बाबांच्या कडीचं स्कॅनिंग करून थ्रीडी प्रिंटरवर छापलीय, आई. तुझ्या पायाच्या कॅलिपरवर कशी फिट्ट बसली बघ ना.

सुगंधा : बसली, पण परत वर जायला नको? कडी वर गेल्याशिवाय गुडघा वाकत नाय. मी काय जन्मभर उभीच राहू? आणि प्लॅस्टिक! तुका इंजिनिअर केली ती काय आईला प्लॅस्टिकवर उभी करायला?

दीप्ती : अगं, ही नुसती ट्रायलची. बसते की नाही बघायला. पवईला आमच्या वर्कशॉपमध्ये सगळं असंच करतात. आधी प्लॅस्टिकची, चुका काढायच्या, मग खरी.

सुगंधा : खरी हा ना माझ्याकडे. ती लाव.

दीप्ती : ती झिजलीय! गेल्या आठवड्यात ओट्यापाशी पडलीस ती कशामुळे? कडी आपोआप वर सरकली, पाय दुमडला. कॅलिपर देतात त्या सेंटरच्या मॅडम काय म्हणाल्या? कॅलिपर ठणठणीत आहे, कडी तेवढी बदला. नाहीतर व्हीलचेअर. बसशील व्हीलचेअरवर?

सुगंधा : बसते माझी चप्पल. पोलिओला नाय बधली मी, कन्नमवार नगरातला सगळा बाजार ह्याच पायांनी केला. पण दीप्ती, ती तेंच्या हातची कडी हा. ते गेल्यापासून माझ्या अंगावर तेंचं तेवढंच उरलंय.

दीप्ती : फेकत नाही गं मी. कपाटात ठेवू.

सुगंधा : टेंगूळ खंय गेलं?

दीप्ती : कसलं टेंगूळ?

सुगंधा : कडीच्या अंगाला होतं ते. बोराच्या बीएवढं.

दीप्ती : तो उंचवटा? मला वाटलं, वेल्डिंगचा थेंब राहिलाय. कॉम्प्युटरवर पुसून टाकला.

सुगंधा : पुसलास? अगो, तेवढ्यासाठीच तर सगळी कडी होती!

दीप्ती : म्हणजे?

सुगंधा : लग्न नवीन होतं. बसायचं झालं की साडीच्या आत हात घालून कडी ओढायला लागायची. चारचौघांत. माका मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी कोणाकडे बसायचीच नाय. दारातच उभ्या उभ्या बोलायची नि परत. लोकांना वाटायचं, लवूची बायको भारी शिष्ट. तेंनी एका शब्दानं विचारलं नाय. नुसत्या कड्या करून बघत राहिले. शेवटी एक दिवस कंपनीतनं आले, खिशात ही टेंगूळवाली कडी. साडीवरनं एक बोट लावलं की वर. त्याच संध्याकाळी आम्ही तेंच्या दोस्ताकडे, अनंताकडे गेलो. मी आपली बसते, उठते, परत बसते. अनंताची बायको तेंना म्हणते, भावजी, वहिनींना खुर्ची टोचते वाटतं!

दीप्ती : हे कधी सांगितलं नाहीस.

सुगंधा : तू पुसशील हे माका काय ठाऊक?

दीप्ती : थांब, थांब. पहिली कॉपी बॅगेत असेल. जशीच्या तशी छापली होती, खराब आली म्हणून बाजूला टाकली. ही बघ. टेंगळासकट.

सुगंधा : आण हिकडे. हां. हेच ते. बोट आपसूक जातं बघ.

दीप्ती : झकास. हीच बसवते कॅलिपरवर. मग खरी कशाची करायची ते ठरवू. ओतीव नको, एका कडीसाठी साचा कोण बनवणार? धातूचं प्रिंटिंग आहे, पण वर परत घासत बसा. मी म्हणते, अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा मशीनवर कापून घेऊ. हलकी होईल.

सुगंधा : ती वाजेल?

दीप्ती : वाजायला कशाला हवी?

सुगंधा : साडीच्या आत माका काय दिसतं? उभी राहिली की कडी पडते, टक करून. टक झालं की कळतं, आता भार टाकायला हरकत नाय.

दीप्ती : सकाळी तू खाटेवरून उठलीस की तेच वाजायचं. मग स्टोव्ह. शाळेपासून मी त्या टकनंच उठायची. तू पडलीस तेव्हापासून घर कसं मुकं झालंय गं. मला मोबाइलवर गजर लावावा लागतो.

सुगंधा : माका पण झोपूनच राहावंसं वाटतं.

दीप्ती : मग स्टीलच. स्टीलवर स्टील, मस्त वाजेल. जड तर जड. बाबांनीही थेट स्टीलचीच केली असेल ना?

सुगंधा : खंय! आधी सागाची. रविवारी दारात बसून कानशीनं घासायचे, आजूबाजूची पोरं गोळा व्हायची. मग पितळेची केली, ती लगेच झिजली. मग ही.

दीप्ती : लाकूड, पितळ, मग स्टील! आई, बाबा हेच करत होते. आम्ही त्याला प्रोटोटायपिंग म्हणतो. क्लायंटला समजावताना माझा जीव जातो.

सुगंधा : तेंनी माका समजावलं नाय. म्हणाले, सुगंधा, उभी राहा.

दीप्ती : मग उभी राहा ना.

सुगंधा : ह्या प्लॅस्टिकचा आवाज नाय, दीप्ती. पडल्यापासून भीती बसलीय. खोटं कशाला बोलू?

दीप्ती : लाकडाचा तरी कुठे होता? तेव्हा कशी उभी राहिलीस?

सुगंधा : ते खाली बसायचे, माझ्या पायाशी. कडी पडली की बोटानं चाचपून बघायचे. नि मग स्वतःच तोंडानं म्हणायचे, टक. तेव्हा मी भार टाकायची.

दीप्ती : ऊठ. हात माझ्या खांद्यावर ठेव. घट्ट. मी धरलंय.

(दीप्ती पायाशी बसते. सुगंधा हळूहळू उभी राहते.)

सुगंधा : पडली काय गो कडी?

दीप्ती : थांब, बघते.

सुगंधा : दीप्ती?

दीप्ती : टक.