नेमकं काय बिघडलं

नाही नाही, दादा, तिथे नको – म्हणजे तिथूनच सुरुवात कशाला, असं म्हणते मी. आधी मागून बघा की. मागे पाइप आहे, वायर आहे, केवढं काय काय आहे. पुढच्या त्या छोट्या झाकणात काय असणार, नुसती जाळी. ती मी बघितलीय, स्वच्छ आहे. तुम्ही आधी बसा बघू, स्टूल देते. चार जिने चढून आलात, ती पेटी काय हलकी आहे का. चहा ठेवलाय, उकळी यायचीय. आणि जरा हळू हां – आई आत पडल्यात. आई म्हणजे सासूबाई. दुपारी त्यांचा तासभर डोळा लागतो, पण कान जागे असतात, चमचा पडला तरी आतून विचारतात, कुठला पडला. हो, दहा ते एकच्या मध्ये येणार म्हणाला होतात, आता पावणेदोन झाले, पण माझी काही तक्रार नाही. तुम्ही आज, ऐन बुधवारी, आलाच नसतात तरी माझी काही तक्रार नव्हती. तसं नाही हो, आलात ते बरंच झालं. आमच्या ह्यांनीच फोन केला ना. मी म्हटलं होतं, कशाला त्या लोकांना त्रास, होईल आपोआप.

सहा आठवडे झाले. पाणी बाहेर जात नाही, बस्स, एवढंच. मशीन फिरतं, घुरघुरतं, मग थांबतं, आत कपडे पोहत असतात आणि वर लाल दिवा. ह्यांनी सगळं करून बघितलं. मोबाइलवर बघून बघून मशीन तिरकं केलं, सरळ केलं, एक अख्खा रविवार मागच्या फटीत डोकं घालून बसले होते, आणि आमची थोरली शेजारी टॉर्च धरून – नऊ वर्षांची आहे, धाकटा पाचाचा – शेवटी त्यांनी हात टेकले. तेव्हापासून दर बुधवारी मी दोन पिशव्या घेऊन समोरच्या कोपऱ्यावर जाते. बुधवारी मला अर्धा दिवस असतो – चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते मी, ‘ही फ्रेम तुम्हाला फार शोभतेय’ म्हणायचं काम – तर त्या कोपऱ्यावर ते टोकन टाकून आपले आपण कपडे धुवायचं दुकान आहे ना, तिथे. आणि घरात अशी काही हळहळ की विचारू नका. हे सकाळीच पिशव्या खाली नेऊन ठेवतात, म्हणतात, तुझे फार हाल होतायत गं. बुधवारी ताटं मुलं घेतात, न सांगता. थोरलीनं शाळेत निबंध लिहिला, ‘माझी आई दर बुधवारी ओझं वाहते आणि तरी हसतमुख असते,’ तर बाईंनी मला फाटकाशी थांबवून खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, स्वतःलाही जपा. मी आपली मान खाली घातली. एकदा तर हे म्हणाले, या बुधवारी मी रजा घेतो, मी जातो तुझ्याऐवजी. मग मी त्यांना पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, लोकरीचे थंड पाण्यात, आईंच्या साड्या पिळायच्या नाहीत, निळा टॉवेल रंग सोडतो, हिरवा सोडत नाही पण सोडल्यासारखा दाखवतो, असं अर्धा तास समजावून सांगितलं. म्हणाले, तूच जा बाई.

हं? काय म्हणालात? नेमकं काय बिघडलं? – तेच म्हणते मी दादा, नेमकं काय बिघडलं? कपडे धुऊन येतायत ना? घड्या होऊन कपाटात जातायत ना? मग आठवड्यात एकशे अडुसष्ट तास असतात, मी मोजलेत, त्यातला एक तास एक बाई उन्हात बसली तर कोणाचं काय बिघडलं? तासही नाही, अठ्ठावन्न मिनिटं. तिथलं मशीन अठ्ठावन्न मिनिटं चालतं, आणि त्या अठ्ठावन्न मिनिटांत तुम्हाला दुसरं काही करताच येत नाही, सोडून जाता येत नाही, कपडे चोरीला जातील, म्हणजे बसावंच लागतं, म्हणजे तो आळसही नाही, ते कामच आहे – आहे की नाही? दुकानाबाहेर बाक आहे. वर झाड आहे, कसलं ते मला ठाऊक नाही, पण या दिवसांत नुसतं फुललंय, फिकी गुलाबी फुलं, वारा आला की मांडीवर पडतात. उन्हाला अजून चटका नाही, पाठ शेकेल इतपतच. मी चपला काढते. पिशवीच्या तळाशी मी एक संत्रं नेलेलं असतं आणि ते, दादा, मी सबंध खाते. एकटी. तुम्हाला त्यात काय वाटणार, पण नऊ वर्षांत मी सबंध संत्रं खाल्लेलं नाही. सोललं की चार हात पुढे येतात, आई मला, आई मला, माझ्या वाट्याला सालं आणि ती एक सुकलेली फोड. आणि गेल्या बुधवारी पलीकडून कोणाचं तरी पोर ओरडलं, ‘आई’ – आणि मी मानसुद्धा वर केली नाही. तशीच वाचत राहिले. पुस्तक नेते मी. एकशे बारा पानं झालीत, सहा आठवड्यांत, त्याआधीची बारा पानं वाचायला मला तीन वर्षं लागली होती. तर तुम्हीच सांगा, ह्यात काय –

फॉर्मवर? कसला फॉर्म?

अच्छा. मशीनचं. मशीनचं काय बिघडलं, असं विचारत होतात तुम्ही, त्या रकान्यात लिहायला. बरोबर आहे, तुम्ही मशीनचंच विचारणार, माझं कशाला विचाराल. लिहा, पाणी जात नाही. आधीचं नका लिहू. आणि हसू नका असे, मी बघतेय, मिशीत हसताय.

साखर दीड चमचा घातलीय, चालेल ना? – अहो, अहो, म्हटलं ना मागून बघा. बरं, उघडा. उघडा म्हणते, तुमचं काम आहे ते, मी कोण अडवणार. पण थांबा, खाली फडकं टाकते, तिथून दोन तांबे पाणी येतं एकदम. मला कसं माहीत? येतं असं ऐकलंय. ...हे घ्या फडकं. आता ते झाकण डावीकडे, नाही, डावीकडे फिरवा, जरा घट्ट बसतं, आधी थोडं आत दाबायचं आणि – हं. आता मी काही बोलत नाही.

काय निघालं? मोजा? पिवळा मोजा. छोटा. बघू – हो, आमच्या धाकट्याचा दिसतोय. बघा, कुठे जाऊन बसला होता. तरीच पोर रोज विचारतं, आई, माझा दुसरा पिवळा. सहा आठवडे एक पिवळा आणि एक निळा घालून शाळेत जातंय – दादा, असं टक लावून बघू नका हो माझ्याकडे. चष्म्याच्या दुकानात असते मी, डोळे मला कळतात.

बरं, सांगते. कोणाला बोलू नका. पहिल्यांदा तो आपणहून गेला होता, मोजा, शपथ. पोराच्या खिशात खडे असतात, खोडरबर असतं, एकदा जिवंत गोगलगाय निघाली, मोजा जाळीत जाणं अगदी शक्य आहे, आणि तसाच गेला. मशीन थांबलं, मी वैतागले, ओले कपडे पिशवीत कोंबले, रडत रडत त्या कोपऱ्यावर गेले. खरंच रडत. थंडीची सगळी पांघरुणं धुवायला काढलेली, माळा आवरायला घेतलेला, थोरलीची परीक्षा, आणि त्यात हे. टोकन टाकलं, बाहेर बाकावर येऊन बसले, आणि दहा मिनिटांनी लक्षात आलं की कोणी काही मागत नाहीये. इतकं विचित्र वाटलं मला, उठून एकदा इकडेतिकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मीच ते झाकण उघडलं, मोजा काढला, मशीन लावून बघितलं. झकास चाललं. झालं, बरं झालं, ह्यांना सांगू म्हटलं. मंगळवारपर्यंत सांगू सांगू म्हणत राहिले. आणि बुधवारी सकाळी, माझं मलाच कळलं नाही दादा, हातात मोजा होता आणि मी खाली वाकले होते.

आता झालं. आता तुम्ही तो काढलात, मशीन सुरू होणार, लाल दिवा जाणार, संध्याकाळी हे खूश होतील, पोरं टाळ्या पिटतील, आईचे हाल संपले. मी पण हसेन, हसायला हवंच. पुढच्या बुधवारी घरीच मशीन लावायचं, ते फिरेल तोवर कणीक मळायची, माळा आवरायचा, कोणाला तरी तुटलेलं बटण लावून द्यायचं. मला वाईट वाटतंय हो. एका जाळीपायी असं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. पण ठीक आहे. चहा घ्या, निवतोय. घ्या आणि चालू करून दाखवा एकदा.

का, काय झालं? अजून आहे? आत? नाही हो, मी एवढाच घातला होता. एकच. मोज्याचं मी सांगितलं ना खरं खरं, आता आणखी कशाला लपवीन. ...चिमटा लावा, हं, येतंय, येतंय – रुमाल? हा माझा नाही. ह्यांचे रुमाल मोठे, चौकटीचे. हा पांढरा आहे. चारी बाजूंनी हातशिलाई, आणि टाके बघा किती बारीक, मोजून घातल्यासारखे, आणि घडी – आठ पदरी घडी घालून मग आत सारलाय. हा काही कपड्यांतून वाहत गेलेला नाही.

थांबा, मला बसू द्या जरा स्टुलावर.

असं झालं होतं, की दोन आठवड्यांपूर्वी माझं मन मला खायला लागलं. ते निबंधाचं झालं ना, त्यानंतर. सकाळी दुकानात जाण्याआधी मी मोजा काढला, म्हटलं, पुरे झाली ही थेरं, दुपारी येऊन मशीन लावू. दुपारी लावलं. तर पाणी जाईना. मोजा नाही, काही नाही, तरी लाल दिवा. मी तर हातच जोडले, म्हटलं, आता हे खरंच बिघडलंय, आता माझा काही दोष नाही, आणि मोजा परत घालून टाकला, सवयीनं. तेवढ्या वेळात, सकाळी नऊ ते दुपारी एक, घरात होतं कोण? मुलं शाळेत, हे कामावर. घरात फक्त –

आई. तुम्ही उठलात होय. चमचा पडला का? नाही, हे मशीनवाले दादा आलेत, ते बघतायत, पाणी का... हो. हो, हा रुमाल. आतून निघाला. नाही, मी काही म्हणत नाही, मी कशाला काही म्हणू, मी फक्त हातात धरलाय.

काय? कुठून दिसतो? तुमच्या खोलीच्या खिडकीतून? अख्खा बाक? पण मधे ते झाड – हो, तेव्हा झाडाला पानंच नव्हती. बरोबर आहे. सगळ्या फांद्या उघड्या. माझ्या लक्षात कसं आलं नाही. म्हणजे पहिल्या बुधवारपासून तुम्ही... आई, मग बोलला का नाहीत. त्या चौथ्या बुधवारी? हो, लागली होती झोप. हे मी दादांना नव्हतं सांगितलं. पुस्तक तोंडावर घेऊन, चपला एकीकडे, तोंड उघडं, पाऊण तास, दुकानवाल्यानं येऊन उठवलं की बाई तुमचे कपडे कधीचे झालेत. मला वाटलं, कोणी बघितलं नसेल.

काय म्हणालात? ...पुन्हा म्हणा, मला नीट ऐकू नाही आलं. – ‘लग्न होऊन या घरात आल्यापासून तुला असं झोपलेलं मी बघितलं नव्हतं,’ असं म्हणालात?

आई, तुम्ही बसा. नाही, मी नाही रडत, स्टोव्हचा धूर... गॅसच आहे, हो, धूर कुठून येणार. तुम्ही मोजा काढताना बघितलंत मला. आणि मी गेल्यावर गुडघ्यावर हात ठेवत खाली बसलात, तुमच्या ह्या गुडघ्यांनी, आणि तुमचा चांगला रुमाल घातलात त्यात. आता काय करताय? कशाला देताय मला तो? वाळवून परत तिथेच घालायचा? बरं. बरं बाई.

दादा, तुमचा चहा झाला ना. मग असं करा, फॉर्मवर लिहा, ‘भाग मागवावा लागेल’. किती दिवस लागतात भाग यायला? नाही, आई विचारतायत. पंधरा दिवस? त्या म्हणतायत, कमी आहेत. त्या म्हणतायत, ही फुलं अजून महिनाभर तरी झाडावर राहतील, आणि आता पानं आल्यामुळे त्यांना खिडकीतून नीट दिसत नाही, तेव्हा त्या स्वतः खाली येऊन बसणार आहेत. माझ्याकडे काय बघताय. घरात त्या मोठ्या आहेत, मला काही बोलता येत नाही. लिहा महिना. आणि जाताना जिन्यात आवाज करू नका, आमचा बुधवार चालू झालाय.